एआयने अर्ज फेटाळला, तर जाब कोणाला विचारायचा?

पडेगावच्या रहिवाशाला उत्पन्नाचा दाखला हवा असेल तर तो सेतू केंद्र गाठतो. कागद कमी पडला तर खिडकीतला माणूस निदान कोणता ते सांगतो. आता या खिडकीच्या जागी मोबाइल आणि त्यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता येऊ घातली आहे.

'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटा कंपनीशी करार केला. शेतीसाठी 'महाॲग्री-एआय' धोरण जून २०२५ मध्ये मंजूर झाले. नागपुरातल्या २३ पोलिस ठाण्यांत वापरलेली 'महाक्राइमओएस' प्रणाली राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली.

घोषणांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. माहिती देणारा चॅटबॉट चुकला तर एक हेलपाटा वाढतो. पात्र-अपात्र ठरवणारी यंत्रणा चुकली तर घरात येणारे पैसे थांबतात.

याची चुणूक 'लाडकी बहीण' योजनेत दिसली. वेगवेगळ्या विभागांची माहिती ताडून पाहिल्यावर २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितले आणि त्यांचे हप्ते थांबले. त्यात खरोखरच गैरफायदा घेणारे होते; लाभार्थ्यांत पुरुषही निघाले. पण आधी पैसे थांबले, पडताळणी नंतर. पुढे ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागितला गेला, तेव्हा दोघेही हयात नसलेल्या महिला अडकल्या. आणि हे एआयही नव्हते, नुसती संगणकीय जुळवणी होती.

नावात काय अडते?

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न जास्त टोकदार आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. त्यामुळे एकाच घरात जुन्या कागदावर 'औरंगाबाद' आणि नव्यावर 'छत्रपती संभाजीनगर' असू शकते. लग्नानंतर बाईचे नाव बदलते. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. तलाठ्याला हे सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र आधी शिकवावे लागते, नाहीतर एकच बाई त्याला दोन बाया वाटू शकते.

तेलंगणात 'समग्र वेदिका' या प्रणालीच्या आधारे रेशनकार्डे रद्द झाली. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला. त्यात संशयित निवडणाऱ्या अल्गोरिदमचाही हात होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राजीनामा दिला. आपल्याकडे इतकी वेळ येईल असे नाही, पण चुकीची जात तीच आहे.

म्हणून एआय नकोच, असे म्हणणेही बरोबर नाही. अर्जातली त्रुटी लगेच दाखवणे, तक्रार योग्य टेबलावर पाठवणे, रखडलेल्या फायली वर काढणे ही कामे यंत्राने खुशाल करावीत. खिडकीवरचा माणूस नेहमी मदतच करतो, असा अनुभव तरी कोणाचा आहे? 'होकार' यंत्राने दिला तरी बिघडत नाही. 'नकारा'वर मात्र माणसाची सही हवी.

कायदा काय म्हणतो?

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे बंधनकारक आहे. 'प्रणालीने नाकारले' हे कारण होऊ शकत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्ज फेटाळताना कारण लेखी द्यावे लागते. त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

अडचण अशी, की हा कायदा अधिसूचित सेवांपुरताच आहे आणि तो 'पदनिर्देशित अधिकारी' गृहीत धरून लिहिला आहे. व्हॉट्सॲपवर नकार आला तर त्याखाली या अधिकाऱ्याचे पद आणि अपील कुठे करायचे हे छापलेले असेल का, हे सेवा सुरू करण्याआधीच ठरवावे लागेल. तोवर नागरिकाने नकाराचा स्क्रीनशॉट आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा. अपिलाला तोच पुरावा लागेल.