हवा कुठून शिरते?

या सदराकडे वर्षभर पत्रे येतात ती मिक्सरची, गिझरची आणि पाण्याच्या पंपाची. मोटारसायकलीविषयी फारसे कोणी विचारीत नाही. घरातला जो गृहस्थ मोटारसायकल चालवतो त्याला आपल्याला सारे काही कळते अशी खात्री असते! माझा थोरला भाऊ याच पंथातला. तेव्हा दिवाळी अंकासाठी हा विषय कोणा वाचकाच्या पत्रावरून आलेला नाही. तो घरातूनच आला आहे.

दादाची बुलेट १९६३ सालची. इंग्लंडच्या रॉयल एन्फील्डचे हे बिऱ्हाड १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला थाटले गेले, तिथली ही गाडी. दादाने ती १९७१ साली एका निवृत्त सुभेदारांकडून घेतली, तेव्हा आमच्या वडिलांनी त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला होता. लग्नानंतर वहिनींना मागे बसवून तो याच गाडीवरून महाबळेश्वरला गेला. पसरणीच्या घाटात पावसाने गाठले, वहिनींची छत्री उलटी झाली, आणि ती हकीकत आम्ही दर पावसाळ्यात एकदा तरी ऐकतो.

तर यंदा गणपती उठल्यावर दादाने जाहीर केले, "गाडी विकतोय. दसऱ्यानंतर माणूस येणार आहे. इसार घेतलाय मी."

कोणी काही बोलेना. कारण सगळ्यांना ठाऊक होते. दोन वर्षांपासून गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडे. ऑगस्टमध्ये भर चौकात ती बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि दादा किक मारमारून दमला. एका तरुणाने गाडी ढकलून बाजूला घेतली आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "आजोबा, आता रिक्षानेच फिरा." दादा ऐंशीच्या घरात आहे. ते वाक्य त्याने घरी येऊन सांगितले नाही. ते नातीने तिसऱ्याकडून ऐकले.

मी आयटीआयमध्ये बावीस वर्षे फिटरच्या मुलांना शिकवले. तरी दादाच्या गाडीला मी कधी हात लावला नव्हता. लावू देत नसे तो! या वेळी मात्र वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही एकदा बघा तरी. विकायची तर विकू, पण चालती विकू."

आता रोग सांगतो. गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होई. रस्ता मोकळा मिळाला की पन्नासच्या वेगाने तक्रार न करता पळे. पण रेस सोडली की धुराड्यातून फट्‌ फट्‌ आवाज, आणि उभी राहिली की इंजिन आधी उगीचच भरभर फिरे, मग एकाएकी मान टाके. आयडलिंग म्हणून काही राहिलेच नव्हते. प्लग काढून पाहिला तर टोक चुन्यासारखे पांढरे. प्लगचे टोक फिकट चहाच्या रंगाचे असावे. काळी काजळी धरली तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरे पडले तर हवा जास्त जाते आहे, असा ढोबळ हिशेब.

दोन गॅरेजांनी यावर उपचार केले होते. दोघांनीही पेट्रोल कमी पडते असे बरोबर ओळखले आणि मेन जेट मोठा बसवला. इथेच घोटाळा झाला. कार्बोरेटरमध्ये एकच नळ नसतो. रेस मिटलेली असताना पेट्रोल येते ते पायलट जेटमधून, अगदी बारीक भोकातून. रेस थोडी उघडली की आतल्या पिस्टनसारख्या सरकत्या नळकांड्याच्या कडेचा उतार कामाला येतो. पाव ते पाऊण रेसपर्यंत निमुळत्या सुईची सत्ता. मेन जेटचे राज्य अगदी शेवटी, रेस जवळजवळ पूर्ण पिळल्यावर. चौकात बंद पडणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणे म्हणजे दिवाणखान्यातला दिवा लागत नाही म्हणून माळ्यावरचा बल्ब बदलणे. गाडी हमरस्त्यावर काळा धूर टाकू लागली आणि चौकात होती तशीच राहिली.

हल्लीच्या मेकॅनिक मुलांना मी दोष देत नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६चे नियम लागू झाल्यापासून नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. त्यांनी तो पाहावा कुठे?

मी आधी सोप्या गोष्टी उरकल्या. टाकीचा कॉक, फ्लोटच्या वाटीतला गाळ, हवेची जाळी. जाळी धुळीने बुजली असती तर उलटाच रोग झाला असता, हवा कमी आणि प्लग काळा. ती स्वच्छ होती. पायलट जेट उजेडासमोर धरला, भोक मोकळे दिसले. इथे एक सूचना: स्टोव्हची पिन जेटमध्ये कधी घालू नका. स्टोव्हला ती चालते, पण जेट मऊ पितळेचा आणि त्याचे भोक मापाचे असते. पिनेने ते केसभर मोठे झाले तरी माप गेले. हवेचा फुंकारा मारावा, फार तर नायलॉनचा बारीक धागा घालावा.

नव्या पेट्रोलचाही विचार केला. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आपल्याकडे विकले जाऊ लागले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटवर गाडी थोडी हवेकडे झुकते. शिवाय जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते. पण त्याने गाडी सगळ्याच वेगांना थोडीथोडी कुरकुरेल. नुसत्या चौकातच रुसायचे कारण नाही.

मग उरला एकच संशय. हवा चुकीच्या दाराने आत शिरते आहे!

शहाळ्याच्या नळीला चीर गेलेली असली की काय होते ते आठवा. आपण जोराने ओढतो, गालफडे दुखतात, आणि तोंडात पाण्याऐवजी हवाच येते. इंजिनही असेच ओढते. या बुलेटचे ते ३४६ सीसीचे. मिनिटाला नऊशे फेऱ्यांनी फिरताना ते साडेचारशे वेळा श्वास घेते. रेस मिटलेली असते तेव्हा आत जाणारी हवा थोडीच असते, आणि ओढ मात्र जबर. अशा वेळी जोडाला केसाएवढी फट असेल तरी तिथून शिरणारी फुकटची हवा मोठा वाटा घेते आणि मिश्रण बिघडते. रेस उघडली की खरी हवा इतकी येते की त्या फटीतल्या हवेचा हिशेबही लागत नाही. म्हणून गाडी रस्त्यावर शहाणी आणि चौकात वेडी.

फट शोधायला काही गॅरेजांत जोडावर पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर असला प्रकार कृपा करून घरी करू नका. मी वहिनींच्या शिलाई मशीनची लांब चोचीची तेलाची डबी मागून घेतली. इंजिन गरम करून ते कसेबसे चालते ठेवायला नातीला हँडलपाशी उभे केले, आणि कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडतो तिथे कडेकडेने तेलाचे थेंब सोडत गेलो. वरच्या बाजूला काही नाही. खालच्या बाजूला तेल पडले मात्र, ते आत ओढले गेले, आणि इंजिन एकदम ठेक्यात चालू लागले. धुराड्यातून किंचित निळसर धूर आला. दहा-बारा सेकंद हा चमत्कार टिकला आणि तेल संपताच गाडी पुन्हा बंद.

"सापडलं!" नात ओरडली. दादा ओसरीवर पेपर वाचत होता. पान उलटल्याचा आवाज मात्र आला नाही.

कार्बोरेटर उतरवला. हा अ‍ॅमल कंपनीचा मोनोब्लॉक, म्हणजे फ्लोटची वाटी आणि शरीर एकाच ओतीवाचे. इंजिनाला लागणाऱ्या त्याच्या सपाट तोंडाला फ्लँज म्हणतात. त्याला दोन बाजूंना दोन कान, कानांत भोके, भोकांतून स्टड आणि वर नट. फ्लँजच्या खाचेत रबराची ओ-रिंग बसते. मी पोलादी पट्टी फ्लँजवर आडवी धरून खिडकीकडे पाहिले. दोन्ही कानांपाशी पट्टी टेकली होती आणि मधल्या भागात पट्टीखालून उजेड दिसत होता. कान ओढले जाऊन तोंड धनुष्यासारखे वाकले होते.

असे का होते? हा धातू जस्ताच्या मिश्रणाचा, मऊ. नट गरजेपेक्षा जास्त आवळले की कान इंजिनाकडे वाकतात. एका दिवसात नाही. वर्षानुवर्षे, दर खेपेला थोडे थोडे.

आणि नट कोण आवळत होते? दादा दरवर्षी खंडेनवमीला कार्बोरेटर उतरवतो, धुतो, पुसतो, बसवतो आणि मग गाडीला झेंडूचा हार घालतो. पन्नासहून अधिक वर्षे हा नेम चुकलेला नाही. दर वर्षी नट बसवून झाल्यावर तो पाना पुन्हा लावून म्हणायचा, "आणखी एक पीळ. सुटायला नको." हे मी स्वतः कितीदा ऐकले आहे.

पट्टी हातात धरून मी त्याला काय सांगावे हे मला कळेना. तो आपणहोऊन उठून आला. पट्टी घेतली, खिडकीकडे धरली, बराच वेळ पाहिले.

"म्हणजे मीच की रे," एवढेच म्हणाला.

पुढचे काम धिमे पण अवघड नव्हते. त्याच्या टेबलावरची जाड काच काढली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि फ्लँज त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासला. दर पन्नास फेऱ्यांनी पट्टी लावून पाहायची. घाई केली तर ओ-रिंगची खाच उथळ होते. हे घासण्याचे काम दादाने केले. हात थरथरतात त्याचे, पण काचेवर टेकलेला हात थरथरत नाही. दोन संध्याकाळी लागल्या. ओ-रिंग नवी घातली, मेन जेट जुन्या मापाचा शोधून आणला, इंजिन गरम करून पायलटच्या हवेचा स्क्रू दीड फेरा सुटा ठेवला आणि तिथून पाव-पाव फेऱ्याने मागेपुढे करीत जिथे ठोके सर्वांत सरळ पडले तिथे थांबवला.

खंडेनवमीच्या सकाळी नटांचे शेवटचे आवळणे उरले होते. दादा स्टुलावर बसला होता. पाना त्याने नातीकडे दिला आणि म्हणाला, "आखूड धर. मुठीने नाही, दोन बोटांनी. एकदा इकडचा, एकदा तिकडचा."

तिने आवळले. नट बसला. सवयीने म्हणा की वारशाने म्हणा, तिने आणखी एक पीळ द्यायला पाना पुन्हा लावला.

"बास," दादा म्हणाला. "आता हात काढ."

दुपारी त्याने इसार परत पाठवला. गाडी सध्या नात शिकते आहे. उजव्या पायाचे गिअर तिला अजून चकवतात.