हप्त्यांनी घडवलेली कादंबरी

युरोपातली कादंबरी पहिल्यापासूनच बाजारात वाढली. सर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली निघाला आणि इतका गाजला की १६१४ मध्ये भलत्यानेच टोपणनावाने त्याचा दुसरा भाग छापून टाकला. पुढच्याच वर्षी सर्व्हांतेसचा खरा दुसरा भाग आला. त्यात किहोतेच त्या तोतया पुस्तकाचा समाचार घेतो. ‘पामेला’ (१७४०) लिहिणारा सॅम्युअल रिचर्डसन तर पेशाने मुद्रक. पत्रलेखनाचे नमुने तयार करता करता त्याला ही पत्ररूप कादंबरी सुचली.

बाजाराने कादंबरीचा आकारच बदलला तो १८३६ पासून. त्या वर्षी पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दँने ‘ला प्रेस’ हे दैनिक काढले. वर्गणी ४० फ्रँक, प्रचलित दराच्या निम्मी. तूट जाहिरातींतून भरायची तर वाचक टिकायला हवा. ते काम क्रमशः कादंबरीकडे आले. बाल्झाक पहिल्याच वर्षी तिथे छापला गेला. पुढे १८४२-४३ मध्ये दुसऱ्या एका दैनिकात यूजेन स्यूची ‘पॅरिसची रहस्ये’ चालू असताना वाचक लेखकाला पत्रांवर पत्रे धाडत होते.

लंडनमध्ये १८३६ सालीच ‘पिकविक पेपर्स’चे मासिक अंक सुरू झाले, किंमत एक शिलिंग. मूळ बेत रॉबर्ट सेमूरची विनोदी चित्रे छापण्याचा; चोवीस वर्षांच्या डिकन्सने फक्त मजकूर पुरवायचा होता. दुसऱ्या अंकाची चित्रे चालू असतानाच सेमूरने आत्महत्या केली. मग चित्रे चारांवरून दोनांवर आली, मजकूर २४ पानांवरून ३२ वर गेला आणि सूत्रे डिकन्सच्या हाती आली. चौथ्या अंकात सॅम वेलर हा बोलघेवडा नोकर अवतरला आणि खप चढू लागला. अखेरीस तो ४० हजारांवर पोचला. डिकन्सच्या पात्रांच्या लकबींना ढोबळ म्हणण्याची रीत आहे. पण महिन्याच्या खंडानंतर पात्र पहिल्या वाक्यालाच ओळखू यायचे, तर लकब हवीच.

पुस्तकरूपातली तीन खंडांची कादंबरी मात्र साडेएकतीस शिलिंगांना पडे. ती विकत घेणार कोण? चार्ल्स म्यूडीच्या वाचनालयात वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग भरले की एका वेळी एक खंड घरी नेता येई. एकच कादंबरी तीन वर्गणीदारांत फिरे, म्हणून वाचनालयाला तीन खंडच सोयीचे. ते भरण्यासाठी लेखक उपकथानके लांबवत, संवाद ताणत. अनेक व्हिक्टोरियन कादंबऱ्यांचा मधला खंड रेंगाळतो, त्याचे एक कारण हे.

हप्त्याची दुसरी बाजू रशियात दिसली. ‘अ‍ॅना कारेनिना’ १८७५ पासून ‘रुस्की वेस्तनिक’ मासिकात येत होती. शेवटच्या भागातली सर्बियन युद्धाविषयीची मते संपादक कात्कोव्हला रुचली नाहीत. त्याने तो छापायचे नाकारले. टॉलस्टॉयने १८७७ मध्ये तो स्वखर्चाने वेगळा काढला.

इंग्लंडातल्या तीन खंडांचा शेवट वाचनालयांनीच केला. म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी १८९४ मध्ये खंडामागे चार शिलिंगांपेक्षा जास्त देणार नाही असे प्रकाशकांना कळवले. काही वर्षांतच सहा शिलिंगांची एकखंडी कादंबरी रूढ झाली.