पाचट शेताला, पऱ्हाटी बॉयलरला



तोडणीची टोळी शेतातून हलली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला जुना : पाचट पेटवून द्यावे काय? दुसरा अलीकडचा : बॉयलरसाठी कोणी घेत असेल तर गठ्ठे बांधून विकून टाकावे काय? दोन्हींना माझे उत्तर 'नाही' असे आहे. त्यामागचा हिशेब सभासदांनी स्वतः तपासून पाहावा.

आधी कारखान्याची बाजू. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी असते, तरी त्याच्याच वाफेवर कारखाना चालतो आणि जेथे उच्च दाबाचे बॉयलर आहेत तेथे उरलेली वीज विकता येते. राज्याच्या २०१३ च्या ऊसदर कायद्याप्रमाणे बगॅससारख्या उपपदार्थांचे मूल्यही दराच्या हिशेबात धरता येते. तेव्हा जळणाचा संबंध आपल्या खिशाशी आहेच. हंगाम संपला, बगॅस संपला, की बॉयलर थंड पडतो. मग नजर पाचटाकडे वळते. वाळलेल्या पाचटात ओल्या बगॅसपेक्षा उष्णता जास्त असते, हेही खरे.

आता शेताची बाजू पाहू. एकरी तीन टन पाचट धरा. त्यात नत्र १२ ते १५ किलो निघते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र असते जेमतेम २१ किलो. म्हणजे दोन-तृतीयांश पोते तुमच्या शेतात पडलेलेच आहे. पालाश २० ते ३० किलो, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशचे पाऊण ते एक पोते. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून येतो. पोटॅश तर जवळजवळ सगळेच बाहेरून येते. पाचट बॉयलरला देऊन वीज करायची आणि त्याच शेतात परदेशी वायूचा युरिया टाकायचा, हा कुठला फायदा?

पाण्याचाही हिशेब करा. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चार युनिटच्या आसपास वीज घेतो. एका पाळीला आठ तास लागले तर ३२ युनिट झाले. पाचटाच्या आच्छादनाने ओल टिकते, तण दबते. वर्षात चार पाळ्या जरी वाचल्या, तरी एकरी सव्वाशे युनिट वाचतात. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल सरकार भरते, म्हणून हा आकडा आपल्याला दिसत नाही. बिल आले नाही तरी विहिरीचे पाणी खर्ची पडतेच.

एक सभासद मला म्हणाले, "साहेब, पाचटात उंदीर-साप राहते, पाणी पुढे सरकत नाही. काडी लावली का मोकळं." अडचण खरी आहे, पण तिला उपाय आहे. पाचट एका आड एक सरीत दाबावे आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यावे. बुडखे जमिनीलगत छाटावेत. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. काडी लावली तर नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातात आणि खोडव्याचे कोंब होरपळतात ते वेगळेच.

मग बॉयलरने जाळायचे काय? आपल्या जिल्ह्यात त्याचे उत्तर आहे पऱ्हाटी. ती लाकडासारखी असते, लवकर कुजत नाही. उभी ठेवून फरदड घेतली तर गुलाबी बोंडअळीला घर मिळते, म्हणून ती वेळेवर उपटून शेताबाहेर काढावीच लागते. आज ती धुऱ्यावर जळते. नागपूरला 'सिरकॉट'च्या केंद्राने पऱ्हाटीपासून जळणाच्या विटा आणि गोळ्या करण्याचे काम केलेले आहे. पाचटातल्या पालाश-क्लोरीनमुळे बॉयलरच्या नळ्यांवर चिकट राख बसते, तो त्रासही लाकडी जळणात सहसा कमी असतो. कपाशीवाला आणि ऊसवाला आपल्याकडे बहुधा एकच माणूस आहे, तेव्हा पैसा त्याच घरात येईल.

पऱ्हाटी फुगीर असते, वाहतूक महाग पडते, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून ती गावातच यंत्राने बारीक करून मग वजनकाट्यावर आणावी लागेल. एक हंगाम मोजक्या गावांतून खरेदी करून पाहावी. बॉयलरला ती कितपत मानवते हे अभियांत्रिकी खात्याने तपासावे आणि टनामागे आलेला खर्च याच अंकातून सभासदांपुढे ठेवावा. न परवडल्यास बंद करावी.

आपल्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. तेथे मेलेल्या ढोराचे नुसते कातडे काढून बाकीचे फेकले जात नसे. हाडा-मांसाचे खत होई. जमिनीतून आलेले जमिनीला परत, हा धडा तेथे डोळ्यांनी पाहायला मिळत होता. पाचटाबाबत आपण निदान तेवढे करू या.

यंदा प्रत्येक खोडवेवाल्या सभासदाने निदान एक एकर न जाळता राखावा आणि शेजारच्या जाळलेल्या एकराशी पाण्याच्या पाळ्या, खताची पोती आणि वजन ताडून पाहावे. पऱ्हाटी खरेदीचा विषय वार्षिक सभेत मांडावा. सभासदांनी मागणी केल्याशिवाय तो विषयपत्रिकेवर येणार नाही.

— ऊस विकास अधिकारी