लंडनच्या पबांची वारी

लेक-जावयाकडे लंडनला गेलेल्या आईबाबांना पहिल्याच रविवारी जावई सांगतो, ‘चला, आज दुपारचं जेवण पबमध्ये.’ बाबांचा चेहरा खुलतो आणि आईच्या कपाळाला आठी पडते. ‘पबमध्ये? आणि तेही नातवाला कडेवर घेऊन?’

हा संवाद आता बऱ्याच मराठी घरांना ओळखीचा झाला आहे. आईचंही चुकत नाही. आपल्याकडे पब म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अंधार, कानठळ्या बसवणारा गोंगाट आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलेली पोलिसांची धाड. लंडनचा जुना पब हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथे दुपारी आजीबाई पेपर वाचत बसलेल्या असतात, टेबलाखाली कुणाचा तरी कुत्रा पेंगत असतो आणि आईबापांबरोबर आलेली पोरं बटाट्याचे चिप्स खात असतात.

पब म्हणजे ‘पब्लिक हाऊस’. मुळात ते घरच. मालक माडीवर राहणार आणि खालच्या खोलीत गावाला मुक्तद्वार! म्हणून तर पब चालवणाऱ्याला तिकडे आजही ‘लँडलॉर्ड’, म्हणजे घरमालक म्हणतात. दारावरची चित्रांची पाटी हीसुद्धा हौस म्हणून आलेली नाही. राजा दुसरा रिचर्ड याने १३९३ मध्ये दारू गाळून विकणाऱ्या प्रत्येक घरावर पाटी सक्तीची केली. वाचता येणारे थोडे, म्हणून पाटीवर चित्र. या राजाचं स्वतःचं चिन्ह होतं पांढरं हरीण. ‘व्हाइट हार्ट’ नावाचे पब इंग्लंडभर दिसतात, त्याचं मूळ हे.

लंडनमध्ये जुना पब पाहायचा तर आधी थेम्स ओलांडून साउथवर्कला जावं. तिथल्या बाजाराजवळ एका बोळातून आत गेलं की फरसबंद चौक लागतो आणि समोर ‘जॉर्ज इन’ची लाकडी सज्जांची लांबलचक इमारत. १६७६ च्या आगीत आधीची जळाली, पुढच्या वर्षी ही उभी राहिली. रेल्वे येण्यापूर्वी घोडागाड्या या चौकात येऊन थांबत, प्रवासी वरच्या खोल्यांत उतरत. थोडक्यात, आपल्याकडच्या धर्मशाळेत खानावळ आणि एसटी स्टँड एकत्र केला तर जे होईल ते. पूर्वी चौकाच्या इतर बाजूंनाही असेच सज्जे होते. जिने घोडागाडीचा धंदा बसवला त्या रेल्वेकडेच ही जागा गेली आणि १८८९ मध्ये कंपनीने बाकीच्या बाजू पाडून टाकल्या. उरली ती एकच बाजू. १९३७ मध्ये ती ‘नॅशनल ट्रस्ट’ या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली, म्हणून वाचली. अशी सज्जांची घोडागाडी-सराई लंडनमध्ये आता दुसरी नाही. शेजारीच ‘टॅबार्ड’ होता. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू जिथून निघाले तोच! इंग्रजी साहित्यातलं एवढं मोठं नाव, पण १८७३ मध्ये तोही पाडला गेला.

तिथून फ्लीट स्ट्रीट काही फार दूर नाही. एकेकाळी ही वृत्तपत्रांची गल्ली होती. इथे एका अरुंद बोळात ‘ये ओल्ड चेशायर चीज’चं दार आहे. १६६६ ची भीषण आग विझल्यावर, १६६७ मध्ये हा पब पुन्हा बांधला. तेव्हापासून इंग्लंडच्या गादीवर कोण कोण आलं, त्याची यादीच दाराजवळ लावली आहे. आत उजेड कमी, छत बुटकं, जिने अरुंद. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उतरताना उंच माणसाने डोकं सांभाळावं. शब्दकोशवाले डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन इथे बसत असं तिथे मोठ्या अभिमानाने सांगतात. जॉन्सनसाहेबांचं घर खरंच दोन पावलांवर आहे, पण ते इथे आल्याची लेखी नोंद कुठेच नाही. इथल्या पॉली नावाच्या पोपटाची गोष्ट मात्र सोळा आणे खरी. हा पक्षी १९२६ मध्ये मेला, तेव्हा देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर मृत्युलेख छापले. गिऱ्हाइकं सगळी पत्रकार, मग पोपटाला जागा मिळायला काय उशीर!

हे सगळं वाचून जुन्या काळाच्या फार प्रेमात पडायचं कारण नाही. जुना पब सगळ्यांचा होता असं म्हणतात, पण सगळे एकत्र बसत नव्हते. मजुरांचा ‘पब्लिक बार’ वेगळा, साहेब लोकांचा ‘सलून बार’ वेगळा. गाद्या वेगळ्या आणि भावही वेगळे. होबर्नच्या ‘प्रिन्सेस लुईझ’मध्ये लाकूड आणि नक्षीच्या काचांचे कप्पे आजही पाहायला मिळतात. १८९१ ची ही सजावट इतकी मोलाची मानली गेली, की तिथली संगमरवरी मुतारीसुद्धा संरक्षित वारशात मोडते! जवळच्या ‘लँब’मध्ये तर काउंटरवर चेहऱ्याच्या उंचीला छोट्या फिरत्या काचा आहेत. प्रतिष्ठित गिऱ्हाइकाने काच फिरवायची, पलीकडून हात पुढे होणार, ग्लास येणार, पण चेहरा काही दिसणार नाही. कोण कुणाच्या पंगतीला बसतो याची चिंता फक्त आपल्याकडेच होती असं नाही.

आणि बायका? फ्लीट स्ट्रीटवरच ‘एल व्हिनो’ हा वकील-पत्रकारांचा वाइनचा अड्डा होता. तिथे बायकांनी काउंटरशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत जाऊन बसायचं, तिथे काय हवं ते मिळेल, असा शिरस्ता होता. बातम्यांची देवाणघेवाण व्हायची ती काउंटरशीच. म्हणजे पत्रकार बाईने पोटापाण्याच्या जागेपासूनच लांब राहायचं. टेस गिल ही वकील आणि अॅना कूट ही पत्रकार, दोघी कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आज नातवाला घेऊन पबात शिरणाऱ्या आजीकडे कुणी वळूनही पाहत नाही, त्यामागे अशी भांडणं आहेत.

आता आत शिरल्यावर करायचं काय? बहुतेक पबांत वेटर टेबलाशी येत नाही. मोकळी जागा पाहून बसावं, एकाने काउंटरशी जाऊन सांगावं आणि तिथेच पैसे द्यावेत. टिपेची अपेक्षा नसते. काउंटरशी रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांच्या लक्षात असतं. घुसखोरी केली तर कुणी बोलणार नाही, नुसतं बघतील, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. चौघे मित्र असतील तर पाळीपाळीने प्रत्येकाने सगळ्यांसाठी आणायचं. आपली पाळी आली की ज्याला फोन येतो, त्याची तिथेही चेष्टा होते. पिणाऱ्यांसाठी पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. ज्यांना प्यायचंच नाही त्यांनी संत्र्याचा रस किंवा लेमोनेड खुशाल मागावं, कपाळाला आठी कुणी घालत नाही. शाकाहारी माणूसही उपाशी राहत नाही. भाजलेला बटाटा, चीज, सूप यावर दुपार निभावते. अठरा वर्षांखालच्यांना दारू विकत मिळत नाही. मुलांना आत घ्यायचं का आणि किती वाजेपर्यंत, हे पबागणिक ठरतं. दारातच विचारून घेतलेलं बरं. बंद व्हायच्या आधी घंटा वाजते, ती शेवटची ऑर्डर द्या म्हणून.

बिअरच्या पाटीवर ‘इंडिया पेल एल’ हे नाव दिसलं की भारतीय माणूस थबकतो. नातं खरं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जाई. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिन्यांचा प्रवास. बिअर टिकावी म्हणून त्यात हॉप्सची कडवट फुलं जास्त घालत. साहेब मायदेशी परतला, तसा त्या कडवटपणाचा शौकही घराघरांत रुजला.

मात्र ही घरं झपाट्याने कमी होताहेत. २००१ मध्ये लंडनमध्ये सुमारे ४,८०० पब होते, २०१६ पर्यंत ते सुमारे ३,६०० वर आले. भाडं वाढलं, कर वाढले, घरी बसून पिणं स्वस्त झालं आणि जागेला सोन्याचा भाव आला. पबापेक्षा त्या जागेवर फ्लॅट बांधणं फायद्याचं. मुंबई-पुण्यात कोपऱ्यावरची इराण्याची हॉटेलं आणि पेठांतले वाडे गेले, ते असेच. फरक एवढाच की तिकडे काही ठिकाणी लोक आडवे आले. दगडी साधूंच्या शिल्पांनी सजलेला ‘ब्लॅक फ्रायर’ १९६० च्या दशकात पाडायचा घाट घातला होता. कवी जॉन बेट्जमन यांच्यासारखी माणसं पुढे सरसावली आणि तो वाचला.

‘कार्लटन टॅव्हर्न’ची कथा मात्र सगळ्यांवर ताण आहे. मेडा व्हेल भागातला १९२० च्या सुमाराचा हा पब. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बनी गल्ली उद्ध्वस्त केली, पण हा उभा राहिला. मालकाला तिथे फ्लॅट हवे होते. परवानगी नाकारली गेली. पबाला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळण्याच्या बेतात असतानाच, एप्रिल २०१५ मध्ये बुलडोझर आला आणि दिवसाढवळ्या पब जमीनदोस्त झाला.

आपल्याकडे इथेच गोष्ट संपली असती. थोडा दंड, थोडी आरडाओरड आणि वर्षभरात नवी इमारत. जुन्या नावाची पाटी तेवढी लिफ्टजवळ. पण इथे रहिवाशांना आधीच वास आला होता. त्यांनी वारसा जतन करणाऱ्या संस्थेला गाठलं होतं आणि तिने इमारतीचे फोटो आणि फरशांचे साचे आधीच घेऊन ठेवले होते. वेस्टमिन्स्टरच्या नगर परिषदेने हुकूम काढला : होता तसाच बांधा, विटेला वीट लावून! मालकाने अपील केलं. २०१६ मध्ये चौकशी झाली, हुकूम कायम राहिला. ढिगाऱ्यातलं जे वापरण्याजोगं निघालं ते वापरून, साच्यांवरून फरशा घडवून पब पुन्हा उभा राहिला.

एप्रिल २०२१ मध्ये दार उघडलं, तेव्हा करोनाचे निर्बंध चालू होते. इंग्लंडमध्ये पबच्या आत बसायला १७ मेपर्यंत मनाई होती. सहा वर्षं वाट पाहिलेली मंडळी आपल्या पबासमोर बाहेरच बसली, एप्रिलच्या थंडीत, अंगात कोट घालून.