उपदेश आणि आचरण

१७८५ साली थॉमस जेफर्सन यांनी पॅरिसहून आपल्या भाच्यास, पीटर कार यास, लिहिले की, सर्वस्व गेले तरी अनीतीचे कृत्य करू नये आणि रोज दोन तास शरीरास व्यायाम द्यावा. त्यातही चालणे सर्वोत्तम. हा उपदेश आम्हांस आजही शिरोधार्य वाटतो. परंतु १७७६ मध्ये मानवी समतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या मुत्सद्द्याने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. मुक्त केली ती अगदी मोजकी. म्हणून त्यांचे वचन त्याज्य ठरते काय? मुळीच नाही. वचन थोर होते; वक्ता त्यास पुरा पडला नाही. आपले स्वास्थ्य ज्यांच्या श्रमांवर उभे आहे, त्यांच्या स्वातंत्र्याचा हिशेब आपण प्रत्येकाने आधी द्यावा. थोरांची वचने भिंतीवर मागाहून टांगावीत.