बर्फाच्या पाण्याने गुठळी विरघळत नाही

छातीत कळ आली की बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखा, असा सल्ला एका विद्वानांनी नुकताच छातीठोकपणे दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बुडी मारणाऱ्या सीलचे ठोके मंदावतात, माणसातही हा डायव्हिंग रिफ्लेक्स आहे, ठोके मंदावले की हृदयाला विश्रांती, विश्रांती मिळाली की झटका टळला. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. पुढच्या दोन माणूस मारतील.

चेहऱ्याला गार पाणी लागलं की ट्रायजेमिनल नस मेंदूला वर्दी देते आणि व्हेगस नस हृदयाला लगाम घालते. पीएसव्हीटी नावाच्या विकारात ठोके एकाएकी दीडशे-दोनशेवर जातात, तिथे डॉक्टर याचा उपयोगही करतात. पण तो बिघाड हृदयातल्या विजेचा. झटक्यात रक्तवाहिनीच गुठळीने बंद झालेली असते.

आणि झटक्यात नाडी धावते ती का? भीती आणि वेदना असतातच. पण स्नायूचा एक भाग लुळा पडला की दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढतं. कित्येकांचा रक्तदाब त्यावरच तगून असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कमिट चाचणीत चीनमधल्या सुमारे ४५ हजार रुग्णांपैकी निम्म्यांना ठोके मंदावणारं मेटोप्रोलॉल सुरुवातीलाच शिरेतून दिलं. पुन्हा झटका येणं कमी झालं, पण कार्डिओजेनिक शॉक, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकल्याने रक्तदाब कोसळणं, वाढला आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. रुग्णालयात, मोजून दिलेल्या औषधाची ही गत. मग घरच्या बादलीचा भरवसा कोणी द्यायचा? हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका असेल तर व्हेगस आधीच खवळलेली असते. अंग घामाने थबथबलेलं, उलट्या, नाडी चाळिशीत. अशा माणसाचं डोकं पाण्यात दाबायचं?

शिवाय याच रिफ्लेक्सने हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. श्वास रोखल्याने प्राणवायू घटतो, ते वेगळंच.

जोरजोरात खोकून झटका परतवण्याचा उपायही असाच घरोघर फिरला होता. तेव्हाही आम्ही घसा कोरडा केला. तेव्हाही ‘करून बघायला काय हरकत आहे’ हेच उत्तर मिळालं. हरकत वेळेची आहे. वाहिनी बंद असेपर्यंत मिनिटामिनिटाला स्नायू मरतो.

व्हेगसचं महत्त्व मला मान्य आहे. झटक्यातून वाचलेल्यांत ठोक्यांमधला, बराचसा व्हेगसमुळे होणारा नैसर्गिक चढउतार ज्यांचा कमी, त्यांना धोका अधिक, हे १९८७ पासून ठाऊक आहे. त्यावर संशोधन जरूर व्हावं. कळ आलेल्या माणसाला मात्र बसवा, १०८ फिरवा, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिन चावायला द्या, आणि जिथे ईसीजी लगेच निघेल व गुठळी विरघळवण्याची किंवा अँजिओप्लास्टीची सोय असेल तिथे न्या.