सहीपूर्वींचें इंग्रजी

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या घरांत अलीकडे एक धास्ती येऊन बसली आहे. पोराला फाडफाड इंग्रजी बोलतां आलें नाहीं तर त्याचा जन्म वायां गेला, ही ती धास्ती होय. तिच्यावर कित्येकांचीं दुकानें चालतात. थोड्या दिवसांत इंग्रजी शिकविण्याची हमी देणारीं पुस्तकें बाजारांत ढिगानें मिळतात. तीं उघडावीं तों आरंभींच 'गुड मॉर्निंग', 'हाऊ आर यू', 'नाइस टु मीट यू'. आणि पुढें मेजवानींत पाहुण्यांशीं काय बोलावें याचे धडे. इंग्रजी शिकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. जरूर शिकावें. पण ज्याच्या घरीं मेजवान्या झडत नाहींत, त्यानें आधीं कोणतें इंग्रजी शिकावें, हें कोणीतरी स्पष्ट सांगितलें पाहिजे. आमचें उत्तर सरळ आहे. ज्या शब्दांवर आपला जीव, आपली जमीन आणि आपला पैसा टांगलेला आहे, ते शब्द आधीं शिकावे. मिरवावयाचे शब्द मागाहून.

मुलाच्या प्रगतिपुस्तकावर गुरुजींनीं 'आउटस्टँडिंग' असा शेरा मारला, तर घरांत खुशाल साखर वाटावी. तेथें त्याचा अर्थ 'उत्कृष्ट' असा आहे. परंतु हाच शब्द कर्जाच्या कागदावर दिसला म्हणजे साखर वाटूं नये. तेथें त्याचा अर्थ 'येणें बाकी'. 'इंटरेस्ट'चेंही तसेंच. शाळेच्या पुस्तकांत ती 'आवड' असते, कर्जखात्यांत तें 'व्याज' होतें. 'क्रेडिट' म्हणजे जमा, 'डेबिट' म्हणजे नांवें. मोबाइलवर 'डेबिटेड' असा निरोप आला कीं आपल्या खात्यांतून पैसा गेला असें समजावें. 'ड्यू डेट' म्हणजे हप्ता भरण्याची मुदत. आणि 'गॅरंटर' म्हणजे जामीनदार, दुसऱ्याचें कर्ज थकलें तर तें आपल्या मानेवर घेणारा. शेजारधर्म म्हणून या शब्दाखालीं सही करणाऱ्यानें त्याचा अर्थ आधीं जाणला, तर गांवांतील पुष्कळ तंटे टळतील.

हें झालें पैशाचें. जिवाचेंही तसेंच आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरप्या चौकोनांत एक रंग व एक शब्द असतो. लाल आणि पिवळ्या रंगासोबत 'पॉयझन', म्हणजे विष. निळ्यासोबत 'डेंजर', म्हणजे धोका. हिरव्यासोबत 'कॉशन', म्हणजे जपून. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. पण हिरवा म्हणजे निर्धोक, असें मुळींच नव्हे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हें विसरतां येणार नाहीं. डब्यासोबतचें माहितीपत्रक स्थानिक भाषेंतही असावें, असा १९७१ च्या कीटकनाशक नियमांचा दंडक आहे. तें पत्रक दुकानदाराकडून मागून घ्यावें. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'बी.डी.' म्हणजे दिवसांतून दोनदां, 'टी.डी.एस.' म्हणजे तीनदां, आणि 'एस.ओ.एस.' म्हणजे गरज पडली तरच. गंमत अशी कीं हीं अक्षरें मुळीं इंग्रजी नव्हेतच, तीं लॅटिन शब्दांचीं आहेत. तेव्हां तीं कळलीं नाहींत म्हणून लाजण्याचें कारण नाहीं.

ही लाज हीच आमची खरी अडचण आहे. 'टेसन', 'डाक्टर', 'रपोट' असें म्हणणाऱ्या आमच्या माणसाला शहाणे लोक हंसतात. त्यांनीं इंग्रजीची कुळकथा ऐकावी. १०६६ सालीं फ्रान्सांतील नॉर्मंडीच्या सरदारांनीं इंग्लंड जिंकलें आणि पुढें दीर्घकाळ तेथील वरिष्ठांची बोली फ्रेंच होऊन बसली. त्याची खूण इंग्रजींत अजून आहे. मेंढरें राखणारा साधा इंग्रज. म्हणून जित्या मेंढीला त्याचा 'शीप' हा शब्द राहिला. तिचें मांस खाणारा धनी फ्रेंच बोलणारा. म्हणून ताटांतील मांसाला 'मटन' हा फ्रेंच शब्द मिळाला. राबणाऱ्याचा शब्द रानांत, खाणाऱ्याचा ताटांत! तेंच 'मटण' आज आमच्या जत्रेंत शिजतें. 'कोर्ट', 'जज्ज', 'अपील', 'समन्स' हे शब्दही इंग्रजीनें फ्रेंचांतूनच घेतले. तेथील रयतेला कोर्टांत काय चाललें आहे तें कळेना, म्हणून १३६२ सालीं कोर्टांतील वाद इंग्रजींत चालावे असा कायदा करावा लागला. आपल्याकडचा 'लूट' हा शब्द उचलून आपल्या कोशांत घालतांनाही इंग्रजाला लाज वाटली नाहीं. मग त्याचा शब्द आपल्या जिभेला वळेल तसा उच्चारतांना आम्हीं कां लाजावें?

मात्र सगळा दोष परक्या भाषेवर ढकलणेंही बरें नव्हे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. तीं खतें कांहीं इंग्रजींत नव्हतीं. लिहिणाऱ्याला त्यांतील मजकूर ठाऊक असे, अंगठा उठविणाऱ्याला तो ठाऊक नसे. म्हणून तर १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावा असें ठरविलें. कागद समजावून देणें हा कोणाचा उपकार नव्हे. आज रिझर्व्ह बँकेनें बिगर-बँक वित्तसंस्थांना घालून दिलेल्या नियमांप्रमाणें कर्जदाराशीं पत्रव्यवहार स्थानिक किंवा त्याला समजणाऱ्या भाषेंत झाला पाहिजे. पण मागणाऱ्यानें मागितलें तर नियम जागा होतो. न मागणाऱ्यापुढें तो झोपून राहतो.

मग करावें काय? जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें कीं, रयतेच्या मुलांस लिहिण्यावाचण्यासोबत हिशेब व शेतीचें ज्ञानही द्यावें. तोच न्याय इंग्रजीला लावावा. महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात, म्हणजे इंग्रजी अक्षरें लावणारें मूल आतां घरोघर आहे. आठवड्यांतून एका सांजेस विजेचें बिल, खताचें पोतें, औषधाचा डबा, बँकेचें पुस्तक त्याच्यापुढें ठेवावें. अडलेला शब्द वहींत उतरवावा व दुसरे दिवशीं शाळेंत अर्थ विचारावा. मोठ्यांनीं चार वाक्यें तोंडपाठ करावीं. 'व्हॉट डज धिस मीन?' म्हणजे याचा अर्थ काय? 'प्लीज से इट अगेन' म्हणजे पुन्हां सांगा. 'आय वॉन्ट धिस इन मराठी' म्हणजे मला हें मराठींत पाहिजे. 'गिव्ह मी अ कॉपी' म्हणजे एक प्रत मला द्या. आणि हीं चार वाक्यें इंग्रजींत न आलीं, तर मराठींत ठणकावून विचारावीं. पण विचारल्यावांचून उठूं नये.

मेजवानींतील इंग्रजी सवडीनें येईल. कागदावरील इंग्रजी मात्र सहीच्या आधीं आलें पाहिजे.